चौघींच्या खांद्यावर

मंगळवार, दिवेलागण

कालच्या वादळात छपराचा पत्रा पायावर पडला. जखम चिघळली आहे, ताप चढतो आहे. लातूर जिल्हा झाला, आता सगळे जवळ आले म्हणतात! डॉक्टर मुरुडला, रस्त्यावर झाडे आडवी, गावातले पुरुष दुष्काळी कामावर. मी बाजेवर अडकलेली.

आत्ता शेजारची गंगाबाई येऊन गेली. "बाई, सकाळी बाजंसकट नेताव तुम्हाला, आम्ही चौघी."

"बायका कुठे बाज उचलतात?"

"मग मेल्यावर पुरुषांनीच उचलावं म्हन्ता का?"

हिलाच परवा मी आमच्या विहिरीवरून रिकाम्या घागरीने परत पाठवले. पाणी आटेल म्हणून. चुकले का माझे? तिने तो विषयही काढला नाही. टोमणा मारला असता, तर ताठ मानेने नको तरी म्हणता आले असते. पण पाय वाचायला हवा. "या," म्हणाले.