हीटर कधी काढायचा

टीचर,

तुम्हाला मराठीत लिहितेय, कारण आपल्या कॉन्व्हेंटमध्ये शिवणाची खोली ही एकच जागा होती जिथे आमचं मराठी तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. व्हरांड्यात सिस्टरांची पावलं वाजली की तुम्हीच हळूच म्हणायचात, "गर्ल्स, इंग्लिश," आणि पावलं लांब गेली की स्वतःच विचारायचात, "कुणाचा टाका सुटला?" तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि माझेही केस आता तुमच्यापेक्षा पांढरे झालेत. मी कुवेतमध्ये असते, अबू हलीफाला. लग्न होऊन आले ती इथलीच झाले. नोव्हेंबर संपत आलाय आणि कपाटावर ठेवलेला हीटर खाली काढायचा की नाही, एवढंच माझं ठरत नाहीये.

इथे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अशी तापते की थंड नळाला कढत पाणी येतं. मग आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्याच्यात साठून निवलेलं पाणी गरम नळातून घेतो. सगळं उलटं. असे कितीतरी महिने जातात, आणि मग एका सकाळी थंड नळाचं पाणी खरोखरच थंड लागतं. त्या दिवशी गीझरचं बटण चालू होतं, एसी बंद होतो, इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, जिन्याखाली लोकरी टोपी घालून बसतो, आणि आमच्या घरात हीटरचा वाद सुरू होतो.

वाद घालणारे आम्ही दोघंच. माझ्या मिस्टरांची सगळी नोकरी सुलैबियाच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेली, जाड जॅकेट आणि बूट घालून, गोठवलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांमध्ये. संध्याकाळी घरी आले की बनियनवर बसायचे. मी शाल गुंडाळलेली दिसली की म्हणायचे, "ही थंडी? एकदा आमच्या फ्रीजरमध्ये ये, मग कळेल थंडी म्हणजे काय." मी म्हणायचे, "मी कोंबडी आहे का?" मुलगी लहान होती तेव्हा तिला सर्दी होईल म्हणून मी हीटर काढायला लावायचे. ती मोठी झाल्यावर यांच्या गुडघ्यांचं निमित्त केलं. हीटर निघायचाच, पण यांच्या नाही-नकोनंतर. त्या वादाची मला सवयच झाली होती. कुठल्याही वर्षी त्याच्याशिवाय थंडी आल्यासारखी वाटली नसती.

गेल्या थंडीत मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते आणि हे बाहेर क्रिकेट बघत बसले होते. हीटर, तो लाल सळ्यांचा, पायाशी ओढून घेतलेला. फोडणीच्या वासात दुसराच कसला तरी वास आला. बाहेर येऊन बघते तर यांचा नायलॉनचा मोजा अंगठ्यापाशी वितळून कातडीला चिकटलेला, आणि हे मला सांगताहेत, "अगं, बघ ना, किती फालतू आउट झाला." त्यांना कळलंच नव्हतं. साखरेने पायांची जाणीव कधी गेली ते आम्हाला दोघांनाही समजलं नव्हतं. जखम भरायला उन्हाळा उजाडला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की नशीब बोट वाचलं, पुढच्या वेळी वाचेलच असं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी हीटर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर टाकला.

आणि या वर्षी, टीचर, हे स्वतः हीटर मागताहेत. आता त्यांना आत फ्रीजरमध्ये जायचं काम नाही, ऑफिसात बसवलंय. मागच्या आठवड्यात एका रात्री जेवताना म्हणाले, "काढू या का तो? पाय गार पडलेत." मी भीतीने बोलून गेले, "तुमच्या पायांना कळतं तरी का काही?" हे ताट तसंच ठेवून नाही उठले, नीट जेवले, हात धुतले, माझंही ताट उचलून नेलं. एवढे नीट वागले की मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. शुक्रवारी सालमियाहून मुलगी आली, तिच्यापुढे गाऱ्हाणं घातलं तर म्हणाली, "मम्मा, जस्ट स्विच इट ऑन अँड कीप इट फार! व्हॉट्स द बिग डील?" तिला काय सांगू? लांब ठेवलेला हीटर माणूस जवळ ओढतो. मी सदान्‌कदा बाहेरच्या खोलीत नसते.

म्हणून मी मोजे विणायला घेतले. दुकानातले बघितले, पण कुठल्याचं रबर काचतं तर कुठल्याची बोटांवरची शिवण जाड. तुम्ही मला शाळा सुटताना दिलेल्या चार सुया अजून आहेत, टोकांना बुचं लावलेल्या. त्या हातात घेतल्या आणि शिवणाची खोली डोळ्यांपुढे आली. एप्रिल महिन्याचा उकाडा, बाहेर समुद्रावरून खारी हवा, पंखा बंद कारण लोकरीचे तंतू उडतात, आणि तुमच्या टेबलावर पावडरचा डबा. घामेजलेल्या बोटांनी पांढरी लोकर मळू नये म्हणून तुम्ही प्रत्येकीच्या तळव्यावर पावडर टाकताय. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंय, "टीचर, आपल्या गावात लोकरीचे मोजे घालणार कोण?" सगळा वर्ग खिदळतो. तुम्ही डब्याचं झाकण लावता आणि म्हणता, "तुम्ही सगळ्या इथेच राहणार आहात का?" तुम्ही स्वतः मात्र त्या गावातून कधी हलला नाहीत.

माझा मोजा वर्गात सगळ्यांत देखणा झाला होता. वरती लाल पट्टी, टाच अगदी गोल. कौतुकाची वाट बघत मी तो तुमच्यापुढे धरला. तुम्ही बघितलाच नाहीत. सरळ आत हात घातला, बोटं फिरवली, आणि एका जागी थांबलात. लोकर संपली तिथे मी गाठ मारून नवी जोडली होती.

"हे काय?"

"आतून आहे, टीचर. आत कोण बघतं?"

"पाय बघतो," तुम्ही म्हणालात. "उसव."

मी रडत उसवला. शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्याजवळ बसलात, माझी बोटं तुमच्या बोटांत धरून दोन धागे एकमेकांत कसे विरवायचे ते दाखवलंत. घरी जाताना मला तुमचा राग येत होता. आज तसाच मोजा विणताना दर चार ओळींनी मी आत हात घालते. त्यांचा पाय आता काही बघत नाही. आतली बारीकशी गाठसुद्धा त्यांना न कळता दिवसभर घासत राहील. त्यांच्या पायाला जे कळत नाही ते माझ्या बोटांना कळायला हवं, आणि माझी बोटं, टीचर, पहाटे लाकडासारखी असतात. पावडरची गरज उरली नाही.

काल संध्याकाळी मी विणत होते. मध्येच सुया ठेवून चहाच्या कपाभोवती हात धरून बसले. हे समोरून बघत होते. उठले, आतून स्टूल आणलं, मी "अहो, पडाल!" म्हणेपर्यंत हीटर खाली. प्लॅस्टिक काढलं, फडक्याने पुसला आणि माझ्या खुर्चीजवळ नेऊन लावला. सळ्यांवरची धूळ जळल्याचा तो पहिला वास घरभर पसरला.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"माझ्यासाठी कुठे लावलाय? तुझी बोटं बघ. निळी पडलीत."

"आणि तुम्ही जवळ ओढलात तर?"

"तूच सांग कुठे बसू."

मी गालिच्याची कड दाखवली. "याच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही."

"लक्ष्मणरेषा? मग मी सीता झालो की." आपली खुर्ची उचलून ते पार भिंतीला टेकून बसले, अंगावर चादर घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "फ्रीजरमध्ये काढलीत एवढी वर्षं, इथे काय मरतोय!" मला हसू आलं, आणि त्या रात्रीचं जेवण आठवून डोळ्यांत पाणीही. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "विण तू. एक मोजा घालून ऑफिसला जाऊ का?"

दुसऱ्या मोज्याची टाच व्हायची आहे. नवी लट गुंडाळायला घेतलीय आणि गुंडा नीट धरावा म्हणून मधे घालायला घडीचा कागद हवाय. तुम्हीही जुन्या प्रश्नपत्रिकांच्या घड्या घालायचात. हाच कागद घालीन. लोकर संपली की हाती येईल, तेव्हा दुसऱ्या कुठल्या गुंड्यात जाईल.

एक मात्र तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आतून हात घालून बघितलंच असतं. आधी मुलीची सर्दी, मग यांचे गुडघे. एवढी वर्षं थंडी मलाच वाजत होती.