नखाला अडकत नाही

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा.
काल बीडहून गाडी आणली. सेल्फ हीलिंग कोटिंग झालं एकदाचं. सोमनाथनं, म्हणजे ज्याच्याकडे कोटिंग केलं त्यानं, माझ्यादेखत बॉनेटवर पितळी ब्रश घासला. मग त्यानं वरून गरम पाणी ओतलं आणि ओरखडे गायब. म्हणाला, उन्हात लावली तरी होतं, आपोआप भरतं, तुमी काहीच करायचं न्हाई.

काहीच करायचं नाही, हे मला फार आवडलं. पंधरा वर्षं फोटो आणि फ्लेक्सच्या धंद्यात आहे. लोकांच्या तोंडावरचे डाग काढून काढून मान गेली. एक तरी वस्तू स्वतःचं स्वतः बघणारी असावी माणसाकडे.

पूजेला बायको, मनिषा, नारळ घेऊन आली. सांगितलं, गाडीवर फोडायचा नाही, लांब दगडावर फोड. कुंकू पत्र्याला नको, काचेला लाव. ती म्हणाली, मंग हार घालू का, का फुलानंबी ओरखडा पडतोय? हार घातला. आत तार निघाली. काढला.

संकल्प: आजपासून गाडीला कुणी टेकणार नाही. मीही नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार.
आचारसंहिता लागली. चौसाळ्यातले सगळे फ्लेक्स उतरले, माझ्या हाताला काम नाही. समोरच्या आश्रुबाच्या हॉटेलातली किटली आणून चार लोकांना कोटिंगचा डेमो दिला. ब्रश, ओरखडा, गरम पाणी, साफ. टाळ्या पडल्या.

आश्रुबा तेवढा हलला नाही. म्हणाला, आपोआप भरतंय तर मंग एवढं जपतो कावून बे? अशिक्षित माणूस. उत्तर दिलं नाही. दिवसभर उत्तर शोधत होतो ते वेगळं.

१९ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ४.
वडवणीला मामेभावाच्या मुलीचा साखरपुडा. जाताना नेकनूरहून साखराबाईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, घ्यायचं ठरलं होतं. मनिषा आणि मुलगी वैष्णवी मागे बसल्या होत्या. अक्का नवं लुगडं नेसून, मनगटापासून कोपरापर्यंत नवा हिरवा चुडा भरून दारात उभी. तिनं हात पसरून गाडीचं दार धरलं आणि चुड्याची काच खर्रकन वाजली पत्र्यावर.

मी अगदी साध्या आवाजात म्हणालो, अक्का, बांगड्या तेवढ्या काढून बस. वडवणीत उतरल्यावर घाल परत.

अक्कानं दार लोटलं आणि म्हणाली, मी यष्टीनं येते. तिला एसटीची सवय आहे, त्यामुळे मी आग्रह केला नाही. वडवणीत ती बायकांत बसली. बोलायला सवड मिळाली नसावी.

मनिषा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. गाडीत इतकी शांतता पहिल्यांदाच. इंजिनचा आवाज फार छान आहे.

२० ऑक्टोबर, रविवार.
वैष्णवीनं मला दुकानात येऊन समजावलं. दहावीची पोरगी, बापाला शिकवते. म्हणाली, पप्पा, सवाष्ण बाईला बांगड्या काढ म्हणतात का? अन् आत्यालाच?

आत्यालाच म्हणजे काय ते मला कळलं. गेल्या हंगामात आदिनाथ दाजी उसाच्या ट्रॉलीखाली आले होते. सांगलीच्या दवाखान्यात महिनाभर होते. अक्का बाहेर बाकावर बसायची ती एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून. मी तेव्हा एकदा जाऊन आलो होतो. मला वाटलं होतं तिचा हात दुखतोय.

पण मी कायमच्या काढ म्हणालो नव्हतो. तासाभराचा प्रश्न होता. अक्काचा राग वरवरचा असतो. जाईल आपोआप.

२१ ऑक्टोबर, सोमवार.
मागच्या डाव्या दारावर ओरखडा सापडला. तीन रेघा, बोटभर लांब. अक्काच्या चुड्याच्याच. तीन किटल्या पाणी ओतलं. आहे तिथेच. आश्रुबा म्हणाला, चहाला तरी ठेव थोडं.

सोमनाथला फोन. तो म्हणाला, नख फिरवून बघा. नखाला अडकत नसल तर वरचा हाय, भरतोय. अडकलं तर खोल गेलाय, त्याला ऊन न्हाई अन् पाणी न्हाई.

बोट फिरवलं. नखाला अडकत नाही. नखं सकाळीच कापली होती हे खरं, पण अडकायचं असतं तर थोडं तरी अडकलं असतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
ऊन उपचार सुरू. सकाळी गाडीचं डावं अंग पूर्वेला, दुपारनंतर पश्चिमेला. दिवसात चार वेळा फिरवतो. लोक विचारतात, पत्ता शोधताय का?

अक्काला फोन करावा असं मनिषाचं म्हणणं. मी तिला समजावलं की भरणाऱ्या गोष्टीला हात लावायचा नसतो. ती म्हणाली, तुमी नुस्तं चुकलो म्हणा, एवढंच हाय. मी म्हणालो, वेळ द्यावा लागतो. थकलो आहे. गाडी फिरवून कंबर धरली.

२६ ऑक्टोबर, शनिवार.
अक्काची ऊसतोडीची टोळी दिवाळी झाली की कारखान्यावर निघणार. मग सहा महिने गाठ नाही. मनिषा म्हणते, दरसाल मुराळी होऊन बहिणीला दिवाळीला आणायला जाता, यंदा कावून न्हाई? आणायला गेला की मिटतंय सगळं.

जाणार होतो. पण नेकनूरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आत आल्यात. समोरून ट्रक आला की गाडी काट्यात घालावी लागते. उपचार चालू असताना हे परवडणार नाही. एसटीनं जा म्हणाली. दारात गाडी असताना मी एसटीनं गेलेला लोकांनी बघितला तर काय म्हणतील?

दुसरा मार्ग सुचला. आपल्या धंद्यातला.

२७ ऑक्टोबर, रविवार.
फ्लेक्स तयार. दहा बाय सहा. 'आमच्या लाडक्या अक्कास दीपावली व भाऊबीजेच्या हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: बंधू तानाजी.' उजवीकडे मी, मागे गाडी, वरच्या कोपऱ्यात गोलात अक्का.

अक्काचा मोठा करण्याजोगा एकच फोटो सापडला. ओल लागून ठिपके पडलेला. कॉम्प्युटरमध्ये हीलिंग ब्रश आहे, तो एका फटक्यात सगळे डाग भरून काढतो. चेहरा अगदी लख्ख झाला. अक्का दहा वर्षांनी लहान दिसते. चुकलो असा शब्द घालणार होतो, पण शुभेच्छांत तो शोभत नाही.

फ्लेक्स काळी-पिवळीवाल्याबरोबर पाठवला. नेकनूर स्टँडवर संध्याकाळी लागला. आता अक्का रोज बघेल आणि विरघळेल. मी काहीच करायचं नाही.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी.
सकाळी आदिनाथ दाजींचा फोन. खुशीत विचारलं, बघितला का फ्लेक्स?

दाजी म्हणाले, तान्या, मी अंगणात दात घासत बसलतो. वडवणीचे दोन पाव्हणे डोक्याला टॉवेल बांधून, मान खाली घालून आत आले. मला बघून एकजण मटकन खालीच बसला. त्यास्नी पाणी मीच दिलं अन् चहाबी मीच केला. तिच्या कपाळाचं कुंकू कावून काढलं रं?

फाईल उघडून बघितली. ठिपक्यांबरोबर कुंकूही गेलं होतं. कपाळ कोरं. खाली फोटो गोलात कापलेला, त्यामुळे हात नाहीत आणि बांगड्याही नाहीत.

अक्का कुठे आहे विचारलं. दाजी म्हणाले, स्टँडवर गेलीय कोयता घेऊन. दोऱ्या कापायला.

दिवसभर दुकान बंद ठेवलं. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एवढं वाईट फ्लेक्सच्या कामात वाटलं नव्हतं. तरी सांगायचं तर सॉफ्टवेअरची चूक आहे.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज. संध्याकाळी ६.
सकाळी आंघोळ करून पाट मांडला. मनिषा म्हणाली, भाऊबीजेला भावानं बहिणीकडं जायचं असतंय, पाट मांडून वाट बघायची नसते. मी म्हणालो, अक्काला इकडे यायची सवय आहे.

दर एसटीला दारात गेलो. गाडी उन्हात ठेवायला तरी कुणीतरी बाहेर लागतंच. नेकनूरकडून सहा गाड्या आल्या. आश्रुबाला त्याच्या बहिणीनं हॉटेलातच ओवाळलं, गल्ल्यासमोर.

फोन हातात घेतला होता. चुकलो हा शब्द तीनदा म्हणून बघितला. नंबर लावला नाही. पाट मनिषानं उचलला.

रेघा पुसट झाल्यात असं मला वाटतं. वैष्णवीला विचारलं. ती म्हणाली, धूळ बसलीय.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
सकाळी दहाला कारखान्याकडे निघालेला टोळीचा ट्रक आश्रुबाच्या हॉटेलासमोर थांबला. वर हंडे, पत्रे, सरपण, एक शेळी, आणि या सगळ्यावर माणसं. दाजी वरूनच ओरडले, तान्या, जित्ता हाय रं मी! सगळा ट्रक हसला. मीही हसलो.

अक्का उतरली. मी रस्ता ओलांडून गेलो. तोंडात शब्द तयार होता. तिनं कनवटीची डबी काढली, अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या कपाळावर दाबून लावला. आश्रुबाच्या गल्ल्यासमोरचं निरांजन मागून घेतलं आणि रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या मला ओवाळलं. तिच्या बांगड्या माझ्या तोंडासमोर वाजत होत्या. माझ्या खिशात ओवाळणीला किल्लीशिवाय काही नव्हतं. मनिषानं घरातून साडी आणून माझ्या हातात दिली, ती मी अक्काला दिली. तिनं वैष्णवीसाठी करंज्यांचा डबा दिला.

आता म्हणायचं होतं. चुकलो. एवढंच होतं. मी म्हणालो, अक्का, गाडीत बस, तुला कारखान्यापर्यंत सोडतो. सीटसुद्धा मऊ आहेत.

अक्कानं गाडीकडे बघितलं. रागानं नाही. दमल्यावर बघतात तसं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, न्हाई रं तान्या. बांगड्या हायत हातात.

दाजींनी हात दिला आणि ती वर चढली. शेळीच्या शेजारी बसली. ट्रक सोलापूरच्या अंगाला गेला. आता गाठ उन्हाळ्यात.

आश्रुबानं न मागता चहा दिला. काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

दुपारी मागच्या डाव्या दाराशी उकिडवा बसलो. पंधरा दिवसांत नखं वाढलीत. रेघेवरून अंगठा हळूच फिरवला.

अडकलं.

परत एकदा फिरवला. तिथेच अडकलं. गाडी लिंबाच्या सावलीत लावली.