मागच्या सीटचा पट्टा

मनिषा वहिनी,
सप्रेम जयभीम.

पिंगळीजवळ दादानं ब्रेक मारला, तुमचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं आणि तुमी जिंतूरला माहेरी गेलात. "मागं पट्टा बसवल्याबिगर ह्या जुन्या गाडीत पाय ठेवणार न्हाई," म्हणालात. दादा हसला होता, "मागं पाव्हणे बसतेत. पाव्हण्याला कुणी बांधून ठेवतं का?"

वहिनी, मी बसवला! मेकॅनिक म्हणला, पत्र्याला भोक पाडून बोल्ट मारू. मी म्हणलं, झटक्यात पत्रा फाटला तर माणूस जाईल की. दाराच्या खांबावरचं प्लास्टिक उचकटलं, तर आत कंपनीचाच जाड नट! खांद्यावरून येणारा पट्टा मी माझ्या हातानं तिथं कसला.

मग आईला मागं बसवलं आणि मोकळ्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला. आई जागची हलली न्हाई. म्हणली, "अगं बाई, सासूवानी धरलं की यानं!" घर आल्यावर म्हणली, "मनिषाला सांग."

दादा आता मागं बसला तरी न सांगता पट्टा लावायलाय.

हे पत्र पोस्टात टाकणार न्हाई, उद्या मीच गाडी घेऊन येते. मागं बसा, मला ब्रेक मारायला लावा. पटलं तरच घरी चला.

तुमची नणंद, आता अर्धी मेकॅनिक,
धम्मशीला