माझ्याच वॉर्डात अडकलेली माझी नेमणूक

ती. आत्या,

दंडवत. तुझा गुडघा कसा आहे? ('बरा आहे' असं कळवू नकोस. मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल कधी खरं बोलत नाही.) मी ठणठणीत आहे.

मेट्रनच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. म्हणजे अर्धी झाली. निवड माझीच आहे, यात मला शंका नाही. पदवी आहे, वॉर्डातला अनुभव आहे, आणि माझ्या चपला वाजल्या की शिकाऊ डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढतात. निवड समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मेट्रनच्या अंगी मुख्य गुण कोणता हवा?" मी म्हटलं, "नजर." आणि तेवढ्यात मला दिसलं, की गृहस्थांच्या कपाळावर घाम आहे आणि ओठ पांढरे पडलेत. पुढचं उत्तर तसंच टाकून मी त्यांचं मनगट धरलं. ("अहो, मुलाखत तुमची चाललीय!" "होती. आता आडवे व्हा.") हृदयाचं दुखणं निघालं. वेळेवर सापडलं, म्हणून वाचले. आता माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आहेत, आणि साखरेच्या चहासाठी लहान मुलासारखे रुसतात.

इथवर सगळं उत्तम. पण नेमणुकीच्या कागदावर सही त्यांचीच लागते, आणि रुग्णाच्या खाटेपाशी ऑफिसचं काम आणायचं नाही, हा नियम माझा. दारावरची पाटीही मीच लावलेली. कारकून कागद घेऊन आला, मी त्याला दारातूनच परत पाठवलं. पुन्हा आला, पुन्हा पाठवलं. "बाई, कागद तुमचाच आहे हो!" तो अगदी रडकुंडीला आला होता. असेना का! स्वतःसाठी नियम वाकवणारी बाई मेट्रन व्हायला लायक नाही, हे तूच सांगायचीस. शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर बाहेरून कुणाला तरी आणणार म्हणे. खुशाल आणू देत. मी बधायची नाही.

तुझीच भाची

ता. क. गुरुवारी भेटीच्या वेळेत येशील का? गुडघा सांभाळून ये. कारकून फाटकापाशी उभा असेल. त्याच्याकडचा कागद पिशवीत तळाशी घाल. मी त्या वेळी समोरच्या रांगेतल्या चादरी तपासत पाठमोरी असेन.

आणखी एक. वॉर्डाकडे पाठ करून मला फार वेळ उभं राहवत नाही, हे तुला ठाऊक आहे. कागदासकट दिसलीस तर तुलाही बाहेर काढीन, राग मानू नकोस. पेन तेवढं नीट उमटतंय ना, हे घरूनच बघून आण.