समुद्रातली म्हैस

अहमदपूर, मंगळवार, दिवेलागण

शोभा, मी सांगते तसं लिहून घे, आन् ही वही मला वाचून दाखवशील तेव्हा चष्मा विसरू नको. गेल्या बारीला तू, सूनबाई, माझं अर्धं बोलणं मनानंच वाचलंस.

आज नांदेडहून नातीचा, पिंकीचा फोन आला. नव्या घरात तिला आजोबांचं समुद्राचं चित्र लावायचंय. “पण आजी, लोक हसतील गं. समुद्रातली म्हैस तेवढी पेंटरकडून पुसून घेते.”

तवापासून जिवाला घोर लागलाय.

ह्यांनी समुद्र कधी बघितलाच न्हाई. दुकानाच्या पाट्या रंगवायचे, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचे, लग्नात बुलबुलतरंग वाजवायचे, काय येत नव्हतं? एकदा विष्णुपुरीचं धरण बघून आले आन् घरी बसून लाटा, होड्या, नारळाची झाडं काढली. मी चुलीपुढून म्हणलं, “एवढं पाणी, आन् एक म्हैस न्हाई?” मी चेष्टा केली हो! ह्यांनी गुमान ब्रश उचलला आन् आमच्या गोठ्यातली चंद्रीच पाण्यात बसवली.

गाव हसलं, येडा पेंटर म्हणलं. ह्यांनी माझं नाव कधी सांगितलं न्हाई. मी बी गप बसले. लाजेनं? का मनातून लई बरं वाटलं म्हणून?

शोभा, पिंकीला आत्ताच फोन करून सांग, ती म्हैस आजीनं मागितली होती. पुसणार न्हाई म्हणली तरच उद्या नांदेडला धाडायला चित्र बांध. सोबत धपाटे दे. शेंगदाण्याची चटणी मात्र वेगळ्या डब्यात, समुद्राला तेल लागायला नको.