भारत पात्र होईपर्यंत

१७ मार्च २०२४
बाबांचा दहावा. दोन तास पिंडाला कावळा शिवेना. नातीला शिकवू म्हणून झालं, शेत विकणार नाही म्हणून झालं. हरेश्वरकाका म्हणाले, बोल लवकर कायतरी, ऊन झालं. बाबांना फुटबॉलचं वेड. म्हणालो, भारत वर्ल्ड कपला पात्र होईपर्यंत तुमची खाट हलवणार नाही. कावळा लगेच आला.

१८ मार्च
फुलपाड्यातलं आमचं घर वन आरके. खाटेच्या जागी उन्नतीचं टेबल येणार होतं. ती दहावीत जातेय. हेमांगीनं विचारलं, कधीपर्यंत? बायकोला शांतपणे समजावलं. यंदा आशियाला थेट आठ जागा. आपल्या गटात चार संघ, पहिले दोन पुढे. मग अठरा संघांची फेरी. जून २०२५ला आपण मोकळे. ती म्हणाली, बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये असते.

२२ मार्च
अफगाणिस्तानशी ०-०. बाहेर जाऊन एक गुण, वाईट नाही. गटात दुसरे. उन्नती खाटेखाली अभ्यास करते. उजेड कमी, पण लक्ष लागत असणार.

२७ मार्च
काल गुवाहाटीत त्यांच्याकडूनच १-२. तरी दुसरेच. खाटेवर बसायचं नाही असं मी कुठे म्हणालो? पण बाबांची उशी आहे. कोणी बसलं की बघवत नाही.

१४ एप्रिल
काका आले. म्हणाले, अरे येड्या, तुझा बाप ब्राझीलचा मानूस. भारताची एक मॅच बघितली नाय त्यानं. ब्राझील बोलला असतास तर दर चार वर्षांनी सुटला असतास! हेमांगी हसली, महिन्यानंतर. काका म्हणाले, पाना आन, आताच खोलतो, माझ्या भावाला मी बघून घेतो. पाना सापडत नाही म्हणालो. ऑफिसच्या बॅगेत होता.

७ जून
कुवेतशी ०-०. आता फक्त कतारला कतारमध्ये हरवायचं. ते आधीच पुढे गेलेत, जीव तोडून खेळणार नाहीत. हेमांगी म्हणाली, शनिवारी शाळा सुरू. हरले तर? असले विचार आत्ता नकोत.

१२ जून
१-२. आधी आपणच पुढे होतो. त्यांच्या पहिल्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, सगळ्यांनी पाहिलं. गटात तिसरे, म्हणजे बाहेर. पुढची पात्रता २०२७च्या सुमारास.
हेमांगी उन्नतीला घेऊन माणिकपूरला आईकडे गेली. दहावी होईपर्यंत, म्हणाली. मिक्सरही नेला.
घर एकदम मोठं वाटतंय. खाट न हलवता टेबल आरामात बसेल. टेपनं मोजलं. हे सांगायला फोन केला. उन्नतीनं उचलला. म्हणाली, इथे टेबल आहे, बाबा.