एलुबीचे चौदा पत्रे

नाखुंबा, मुलांजे
मंगळवार, न्याहारीनंतर

ती. मर्विसताई,

गुडघे टेकून नमस्कार. (खरं तर एकच टेकला आहे. दुसऱ्याची हकीकत पुढे येईल.) भाऊजींचा खोकला कसा आहे? तुझी कंबर? ब्लँटायरच्या पाण्यानं माणसाला काही ना काही होतंच, हे मी तुझ्या लग्नापासून सांगते आहे. इथं सगळं ठीक. तुरी फुलल्यात, आणि मामांनी तिसऱ्यांदा दारू सोडली आहे.

बायकांच्या कायदा-मदत केंद्रानं मला शिकवून गावची कायदेसाथी केलं, हे मी कळवलंच होतं. तू पोट धरून हसलीस, हेही मला कळलं. तर आता ऐक. शेजारची एलुबी तुला आठवते ना? चहाच्या मळ्यात पानं खुडते ती. तीन वर्षं तुरी विकून तिनं घरावर चौदा पत्रे घातले होते. (या पत्रात पत्र्यांखेरीज दुसरं काही नाही, तेव्हा नीट बसून वाच.) तिचा नवरा वायसन आपल्या घरजावयाच्या रीतीनं तिच्याच गावात नांदत होता. एके दिवशी भांडला, आणि ती मळ्यात असताना छप्पर उतरवून पत्र्यांसकट आपल्या आईच्या गावी चालता झाला. एलुबी संध्याकाळी आली, दार उघडलं, तर आत आभाळ! तीन लेकरं घेऊन ती आमच्या पडवीत निजू लागली. पाऊस दीड महिन्यावर, आणि पडवी तू पाहिलीच आहेस, तिथं कोंबडीसुद्धा पाय आखडून बसते.

मी अर्ज लिहिला. (चार वेळा, कारण तीनदा शेळीनं खाल्ला.) तारीख लागली. वायसन इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या आईच्या घरावरचे पत्रे मी बाजारातून नवेकोरे आणलेत. हिचे कुठं गेले, मला काय ठाऊक?" न्यायाधीशांनी एलुबीकडे पावती मागितली. पावती वाळवीनं खाल्लेली. उरलेला तुकडा तिनं पदराच्या गाठीतून काढून दिला, त्यावर फक्त "आभारी आहोत" एवढंच शिल्लक होतं. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली. एलुबीच्या तोंडावरचं रक्तच उतरलं गं. तेव्हा तुझी ही धाकटी बहीण उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, पत्र्याला खिळ्यांची भोकं असतात आणि वाशांनाही असतात. जुळवून पाहा की!"

साहेब तरुण आहेत, त्यांना कल्पना आवडली. सगळं कोर्ट भाड्याच्या सायकलींवर, सायकलवाल्यांच्या मागे बसून निघालं. पुढे साहेब, मागे कारकून, त्यामागे मी. माझा सायकलवाला साहेबांच्या पुढे जायला गेला आणि आम्ही दोघं ओढ्यात. (गुडघा तो हाच.) वायसनची आई, नासोलो आजी, अंगणात मक्याच्या पिठाची न्सिमा घोटत होती. साहेबांनी विचारलं, पत्रे नवे आहेत का? आजीनं पळी खाली ठेवली.

"नवे? अहो साहेब, भुरभुर आली तरी सहा पातेली मांडून मधे बसते मी! नवा पत्रा असा गळतो होय रे, मेल्या? माझं गवताचं छप्पर मोडलंस, आणि आणलंस काय, तर चाळण!"

वायसन खाली बघून शर्टाची बटणं मोजू लागला. पत्रे उतरले. चौदा बायकांनी चौदा पत्रे डोक्यावर घेतले आणि सगळी वरात आमच्या गावी आली. पहिला पत्रा वाशांवर ठेवला, तर एकही भोक जुळेना! वायसन हसला. मग एलुबीनं वर चढून तो पत्रा फिरवला (उलटा ठेवला होता गं!), आणि खिळा हातातून सोडला तो आपल्या पायानं चालत गेल्यासारखा भोकात. दुसरा, तिसरा, सगळे! बायकांनी असा गलका केला की कारकुनाच्या हातातला कागद पडला. साहेबांनी तिथंच निकाल दिला: पत्रे एलुबीचे, आणि ठोकून द्यायचे वायसननं. तो वर, आम्ही खाली. "डावीकडे ठोक, जावईबापू!" "खिळा वाकडा गेला, काढा परत!" असं दुपारभर चाललं होतं. ताई, त्या दिवशी लेकरं आपल्या घरात जेवली, आणि जेवता जेवता सारखी वर बघत होती.

भाऊजींना नमस्कार सांग, आणि त्यांना मध दे.

तुझी,
फालेसी

ता. क. एलुबी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकते आहे. सराव म्हणून तिनं हेच पत्र वाचलं आणि म्हणते, खरं ते लिही. तर भोकांची गोष्ट तिनं सांगितली. मी उठले होते हे खरं, पण माझ्या तोंडून "साहेब" एवढंच निघालं.

ता. क. दुसरा. खरं काम हे: नासोलो आजीचं शेत तिच्या पुतण्यांनी दाबलंय, आणि ती कुठं आली असेल? माझ्याकडे! पुढच्या गुरुवारी मोठ्या कोर्टात तारीख आहे. तिथं फरशी आहे म्हणे, तेव्हा तुझे काळे बूट लगेच पाठव. आजीनं बजावलंय, "तू आलीस तर ये, पण बोलायला माझ्या सुनेला आण." तुझे बूट मला दोन बोटं मोठे होतात, हे मला ठाऊक आहे, ताई. एलुबीला बरोबर बसतील.